डोंगराईची ओटी

मंडळी, आख्यान सुरू करण्याआधी एक विचारतो. देवानं माणसाला डोळे दिले, ते लांबचं बघायला. मग पाय कशाला दिले? नुसतं बघून भागत असतं, तर पायांचा खटाटोप त्यानं केला असता का? उत्तराची घाई करू नका, आधी ऐका. आणि ते मागे खांबाजवळ बसलेले गृहस्थ – फोन उंच धरून माझं चित्र घेताहेत! घ्या, घ्या. पण मी इथं जिवंत उभा आहे हो, मधून मधून माझ्याकडेही बघा.

तर नरहर बोधले नावाचे एक गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यात कारकून, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. माणूस सज्जन. विडी नाही, दारू नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बायकोचं नाव अनसूया. त्यांच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून डोंगराईचा डोंगर दिसायचा – पार वरच्या देवळाच्या कळसापर्यंत. पायऱ्या तीनशे चाळीस.

त्यांचा मुलगा श्रीरंग दोन वर्षांचा असताना तापानं फणफणला. आठ दिवस ताप उतरेना. तेव्हा त्याच खिडकीशी उभं राहून अनसूयाबाईंनी पदर पसरला. म्हणाल्या, आई, माझं पोर वाचू दे, आम्ही दोघं जोडीनं वर येऊ आणि तुझी ओटी भरू. पोर वाचलं, शिकलं, परदेशी गेलं. ओटी राहिली. दर चैत्रात बाई विचारायच्या, अहो, यंदा जाऊ या का? आणि नरहरराव म्हणायचे, पुढच्या चैत्रात नक्की. पस्तीस चैत्र गेले असे! नवस जोडीचा, एकटीनं जाऊन फिटायचा नाही. मंडळी, तोंडावर नाही म्हणणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा कधी नाही म्हणालाच नाही.

मग श्रीरंगानं बापाच्या वाढदिवसाला एक चष्मा पाठवला. साधा नव्हे! टांग्याच्या घोड्याला ढापणं बांधतात ना, तसा. डोळ्यांवर चढवला की आपलं घर गायब, आणि म्हणाल ते जग समोर. नरहररावांनी तो लावला, आणि समोर काय? बर्फाचे डोंगर!

आता त्यांच्या मनातलं सांगतो. तरुणपणी त्यांना गिर्यारोहणाच्या तुकडीत जायचं होतं. वडील म्हणाले, नोकरी बघ. झालं. सारा जन्म एका टेबलाशी, एका पंख्याखाली गेला. आणि आता, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो माणूस शिखरावर उभा होता! डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. मला त्यांचा राग येत नाही, तुम्हीही रागावू नका.

पण एकदाचे वर गेलेले नरहरराव खाली येईनात. सकाळी एक शिखर, दुपारी एक शिखर. गुडघे दुखतात म्हणून कोपऱ्यावरून दूध न आणणारा माणूस – प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बर्फ तुडवत होता! अनसूयाबाई चहा घेऊन शेजारी उभ्या राहायच्या. अहो, चहा. चहावर साय धरायची, तरी हे कड्यावरच.

त्या चैत्रात बाईंनी पुन्हा विचारलं. या वेळी थोडं जास्त बोलल्या. "मला आताशा दम लागतो हो. पुढच्या वर्षी चढवेल असं वाटत नाही."

नरहररावांना एकदम सुचलं. कुणीतरी डोंगराईचं देऊळ त्या चष्म्यात आणून ठेवलं होतं – पायऱ्या, घंटा, गाभारा, सगळं. त्यांना खरोखर आनंद झाला. म्हणाले, अगं, चढायचं कशाला? घरात दर्शन घडवतो तुला!

मंगळवार होता. बाई न्हाल्या, हिरवं लुगडं नेसल्या. खण काढला, नारळ घेतला, तांदूळ, हळकुंड, सुपारी. नरहररावांनी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. आणि बाईंना आई दिसली! मळवट भरलेली, हाताच्या अंतरावर. पस्तीस वर्षांनी. बाईंनी दोन्ही हातांनी ओटी पुढे केली – आणि आईच्या मांडीवर सोडली.

धप्! नारळ फरशीवर. गडगडत गेला तो थेट कपाटाखाली. तांदूळ खोलीभर.

नरहरराव हसले. मोठ्यानं हसले. तुम्हीसुद्धा आत्ता हसलात, मी पाहिलं.

बाईंनी चष्मा काढला. फरशीकडे बघितलं. "आईनं घेतली नाही हो," एवढंच म्हणाल्या, आणि खाली बसून तांदूळ वेचायला लागल्या. नारळापर्यंत हात पोचेना. नरहरराव म्हणाले, काढतो मी नंतर. काढला नाही. त्यानंतर बाईंनी ओटीचा विषय पुन्हा काढला नाही.

आषाढात त्या गेल्या. चहाचं आधण ठेवलं होतं, खिडकीपाशीच खाली बसल्या त्या बसल्याच. नरहरराव बाहेरच्या खोलीत – शिखरावर! बाईंनी हाक मारली होती का? असेल, नसेल. त्यांच्या कानात त्या चष्म्यातला वारा घोंघावत होता. आता जन्मभर विचारलं तरी त्यांना कळायचं नाही.

सवाष्ण गेली, म्हणून शेजारच्या बायका तिची ओटी भरायला खण मागू लागल्या. नरहररावांनी त्या मंगळवारी काढलेला तो खण दिला नाही. म्हणाले, हा देवीचा आहे, दुसरा आणा.

तेराव्यानंतर त्यांनी कपाटाखाली काठी घातली. नारळ निघाला. कानाशी धरून हलवला. आत पाण्याचा आवाज नव्हता. तोच नारळ, तोच खण आणि डब्यात भरून ठेवलेले ते वेचलेले तांदूळ त्यांनी पिशवीत घातले आणि निघाले.

दर दहा पायऱ्यांना बसत होते. छाती भरून येत होती, गुडघ्यातून कळा निघत होत्या. घाम डोळ्यांत गेला तर झोंबतो, हे त्या बर्फात कधी कळलं नव्हतं. तिसऱ्या प्रहरी वर पोचले. मागे वळून बघितलं तर खाली गाव, गावात त्यांचं घर, घराला ती खिडकी. एवढीशी. तिथून अनसूया पस्तीस वर्षं इकडे बघत होती, हे त्यांना तिथं उभं राहिल्यावर कळलं.

गाभाऱ्यात म्हातारी गुरवीण होती. तिनं पिशवीतली ओटी बघितली, यांच्या मागे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं. म्हणाली, "बाई कुठं आहेत, बाबा? खाली टेकल्या का? दम खाऊ द्या त्यांना. मी दार लावत नाही, थांबते."

 नरहरराव पायरीवर बसले, ओटी मांडीवर घेऊन. आणि ती म्हातारी दारात उभी राहून पायऱ्यांकडे बघत राहिली.

मंडळी, पाय कशाला दिले, हे आता मी सांगायला हवं का? तुमच्या घरातही कुणीतरी विचारलेलं आहे – जाऊ या का? आईनं विचारलं असेल, बायकोनं, एखाद्या लेकरानं. तुम्ही नाही म्हणाला नसालच, सज्जन माणसं तुम्ही! पुढच्या वेळी म्हणाला असाल. मीही म्हटलंय. हे आख्यान मी इतक्यांदा सांगतो, ते काही फक्त तुमच्यासाठी नाही.

म्हणून आज मोठ्यानं जयघोष नको. शांतपणे उठा, घरी जा, आणि ज्याला थांबवून ठेवलंय त्याला सांगा, सकाळी निघू या. ते ऐकायला माणूस घरात असेल, तर तुमची ओटी अजून हातात आहे. जा, उशीर करू नका.