ढकलायची सायकल

चिकलठाण्याच्या दवाखान्यात शुगरचा रिपोर्ट घ्यायला आलेला मुंजाबा बाकड्यावर बसला होता. शेजारी बद्रीनाथ आणि सरूबाई, नवरा-बायको. मुंजाबाचे कान आपोआप तिकडं वळले.

"अहो, चाळीस हजाराची सायकल, वर्षात एकदाबी बसला नाहीत. इकून टाका."

"इकली तर शुगर वाढंल ना!"

"न बसता कमी झाली व्हय?"

"रोज चार किलोमीटर ढकलत नेतो की. डॉक्टरनं चालायलाच सांगितलंय."

"मग नुसतं चाला. सायकल कशाला?"

"मोकळ्या हातानं चाललो की जो तो विचारतो, 'काय, काम नाय का?' सायकल दिसली की म्हणतात, 'बिचाऱ्याची पंक्चर झाली.'"

मुंजाबाची मान नकळत हलली.

"असं व्हय? मग ठिवा."

"ठिवून काय करू? कडूबानं त्याच रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलंय. काल दोन्ही चाकं तपासली त्यानं. म्हणला, 'दादा, हवा टाइट हाय, बसा की!'"

"मग बसायचं ना!"

बद्रीनाथनं मुंजाबाकडं तिरकं बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"सायकल चालवता येती कुठं मला?"