जित्या तोतारामचं वर्षश्राद्ध

...नाही, पण तुम्हाला सांगते, माणूस मारणं सोपं नसतं. तुम्ही हसताय, कारण तुम्ही कधी मारला नाही. मी मारला. माझा मामेभाऊ तोताराम, वरणगावला राहतो, धडधाकट माणूस, आवाज असा की खळ्यात बोलला तर पाखरं उडतात, दर भाऊबीजेला न चुकता लुगडं आणणारा... त्याच्यावर माझा काही राग नव्हता हो. पण वेळच तशी आली. मी तरी काय करू? मारला.

झालं असं की माझी धाकटी जाऊ शेवंता. पंचावन्नची बाई, पाळी जाऊन पाच वर्षं झालेली, आणि सत्याऐंशी सालच्या पौषात मला कळलं की हिचं पुन्हा अंगावरून जातंय. कसं कळलं? तिने सांगितलं असेल असं वाटतं तुम्हाला? ती रोज सगळ्यांच्या आधी उठून एकटीच जुनेरं धुवायला लागली, तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणे, 'काही नाही अक्का, उष्णता झाली, सब्जा घेऊ राहिली.' उष्णता. पौषात. आमचं फैजपूर थंडीने काकडतंय, माणसं शेकोटीत पाय घालून बसलीत, आणि हिला उष्णता.

आता मी शाळेची पायरी चढलेली नाही. एस.टी.च्या पाट्या बघून बघून अक्षरं शिकले, यावल, रावेर, भुसावळ, धूम्रपान करू नये... आणि मग हाती येईल ते वाचायची खोड लागली. शेंगदाण्याची पुडी सोडली की आधी कागद वाचते, मग दाणे खाते. अशाच एका कागदावर वाचलं होतं, 'पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेल्यास, थेंबभर असले तरी, ताबडतोब स्त्रीरोगतज्ज्ञास...' आणि पुढे फाटलेलं. स्त्रीरोगतज्ज्ञास काय? जेवायला बोलवावे असं तर कोणी छापणार नाही. दाखवावे, हेच असणार.

तशी डॉक्टरीण भुसावळला होती. चंद्रकांताबाई, तिथल्याच घेवरचंद शेटजींची लेक. पण तिच्याकडे जायचं कसं? आमच्या घरची बाई दवाखान्यात जाणार ती दोनच वेळा, बाळंतपण अडलं तर आणि साप चावला तर. तिसरं काही म्हटलं की शालिग्राम, म्हणजे माझा दीर, शेवंताचा नवरा, विचारणार, 'काय झालं?' आणि शेवंता मान खाली घालून भाकरी थापणार. बरं, सगळी वाट बंद असली तरी एक वाट बाईला कोणी अडवत नाही, ती म्हणजे दारावर जायचं. कोणी वारलं की त्या घरी भेटून यायचं, त्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. तिथे नवरा आडवा येत नाही, सासू येत नाही, कापणीला आलेली केळी येत नाही. आणि वरणगावला जायचं तर बस भुसावळला बदलावीच लागते. मी तरी काय करू? मारला.

शालिग्रामचे डोळेच भरून आले. 'तोतारामदादा गेले? वहिनी, मी पण येतो.' म्हटलं, 'तू बागेचं बघ, आधी बायाबाया जाऊन येतो.' शेवंताला मी बसेपर्यंत काही सांगितलं नव्हतं, ती स्टँडपासून खरोखर रडत होती. बामणोद आलं तसं म्हटलं, 'पूस डोळे. तो जिता आहे. तुझी पिशवी दाखवायला चाललोय.' मग जी रडायला लागली, ती भुसावळपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'किती दिवस झाले?' ही छताच्या पंख्याकडे बघते. मी म्हटलं, 'असतील दोन महिने.' तर शेवंता हळूच म्हणाली, 'आठ.'

आठ महिने. माझ्या मांडीला मांडी लावून बसत होती ही, आठ महिने, आणि मी तिला मिठाचं विचारत होते.

बाईंनी तपासलं, पिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला, म्हणाल्या, 'आठ दिवसांनी या.' मी मनात लगेच हिशोब केला, आठ दिवसांनी म्हणजे बरोबर तोतारामचं दहावं. बघा, मेलेल्या माणसाचा किती उपयोग असतो.

फक्त एक विसरले होते. दारावरून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. शालिग्राम धर्माचा पक्का, परसात बादल्या भरून तयार. पौषातलं रांजणाचं पाणी... तुम्हाला सांगते, तपासणीची मला धास्ती होती, पण ती आंघोळ तपासणीच्या वर निघाली.

दहाव्याला गेलो. बाई म्हणाल्या, 'कॅन्सर नाही. पण त्या वाटेला लागलंय. पिशवी काढू, मोकळ्या व्हाल. आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर मला असं बोलता आलं नसतं. जळगावला ऑपरेशन करू, नवऱ्याला सहीला आणा.'

सही. आता दहाव्याला गेलेली बाई सहीचा कागद घेऊन येते, हे सांगायचं कसं? बसभर तेच डोक्यात. घरी पोचलो तर ओट्यावर कोण? तोताराम. जिता. लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, माझ्याच पितळी पेल्यातून चहा पीत. आणि समोर शालिग्राम, दोन्ही हातात दोन बादल्या.

'वहिनी,' शालिग्राम म्हणे, 'हे तं जिते हाये.'

तोताराम म्हणे, 'अक्का, मी कधी गेलो तेवढं सांगा, म्हणजे पत्रिकेत माझ्या नावामागे कैलासवासी लावतो.'

माझी जीभ आयुष्यात पहिल्यांदा टाळूला चिकटली. आणि तेवढ्यात शेवंता बोलली. चाळीस वर्षांत नवऱ्यासमोर जिचा आवाज चुलीपलीकडे गेला नाही, ती अंगणात उभी राहून म्हणाली, 'यांना माझ्यापायी मारलं. मले मरायचं नव्हतं म्हणून.'

शालिग्रामने बादल्या खाली ठेवल्या. शेवंताने आठ महिन्यांचं सगळं तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं. मग शालिग्राम म्हणाला, 'आठ महिने, मले काहून नाही सांगितलं?' आता माझी जीभ सुटली. मी या घरात आले तेव्हा हा चड्डीची नाडी मला बांधायला लावायचा, मी काय त्याला भिते? म्हटलं, 'केळीच्या पानावर पिवळा ठिपका दिसला तर तू औषधाला जळगावपर्यंत पळतोस. बायकोची जुनेरं आठ महिने दोरीवर वाळत होती, ती दिसली नाहीत?' त्याने कागद मागितला. ओट्यावरच सही केली, आणि दोन्ही बादल्या केळीला ओतून आला.

जळगावला पिशवी काढली, शेवंता आज ठणठणीत आहे. खरी कटकट पुढेच आहे. बाई म्हणाल्या, 'सहा महिन्यांनी दाखवा, मग दर वर्षी. आणि तुम्ही हो, भागाबाई? तुम्हीही टेबलावर या.' म्हटलं, मला काय धाड भरलीय? पण चढले. काही निघालं नाही. तरी दर वर्षी जाते. गल्लीतल्या बाया विचारतात, काही निघत नाही तर जाता कशाला? मी म्हणते, बागेत रोज फेरी मारता, रोज पानावर करपा सापडतो का? मग फेरी बंद करता?

पटलं हो सगळ्यांना. कमलबाई आली, मंजुळाबाई आली, आता आम्ही अकरा जणी जातो. फक्त एक नाही पटलं. मी ओरडून ओरडून सांगते, उघड म्हणा गं, दवाखान्यात चाललो, चोरी आहे का? नाही. अकराच्या अकरा जणी घरी एकच सांगून निघतात, 'तोतारामदादाचं वर्षश्राद्ध आहे.' नवऱ्यांना ठाऊक, सासवांना ठाऊक, एस.टी.च्या कंडक्टरला ठाऊक. तरी परत आल्यावर प्रत्येकीच्या परसात बादली भरलेली. माझ्यासुद्धा.

यंदा पाचवं. तोताराम म्हणतो, 'अक्का, जितेपणी माझ्या घरी एवढ्या बाया कधी आल्या नाहीत.' चिडतो, कुरकुरतो... आणि त्या दिवशी सकाळी आठलाच वरणगावहून भुसावळला येऊन, दवाखान्याच्या बाकावर बसून, आमचे अकरा नंबर लावून ठेवतो.