रुमालीच्या टोपलीतली कणसं

मंडळी, आज एकच सवाल घेऊन उभा आहे. एकटं कुणाला म्हणायचं? — ज्याचं माणूस गेलं, त्याला! बरोबर? हलवल्यात ना माना? हलवा, हलवा! आख्यान संपेपर्यंत त्या तशाच हलतात का, बघू.

सातपुड्यातला एक पाडा. आता पाडा म्हणजे आपल्यासारखी भिंतीला भिंत नव्हे हो! एक घर या टेकाडावर, दुसरं पलीकडच्या, मधे ओहोळ. शेजाऱ्याला हाक मारायची तर आधी छाती भरून घ्यावी लागते! तिथं राहायचा वेस्ता. म्हातारा, गोष्टीवेल्हाळ, हसवून हसवून पोट दुखवणारा. आणि त्याची बायको रुमाली — मोहाची दारू गाळावी तर तिनंच.

बघा, पुढची मंडळी कशी सावरून बसली! कीर्तनात दारू! — अहो, मी चव सांगायला नाही आलो. त्या डोंगरात भट्टीची पहिली धार कुणी पीत नाही. ती पळसाच्या पानात धरायची, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन जमिनीवर सोडायची. आणि आवतण? आवतण नसतंच! ज्याच्या घरामागून भट्टीचा धूर निघेल, त्याच्या अंगणात पाडा आपोआप जमतो. धूर हीच हाक!

थंडीत रुमाली गेली. धूर बंद झाला. अंगण सुनं झालं. वेस्ता उंबऱ्यात बसायचा आणि शेळीला म्हणायचा, "तू तरी बोल गं काहीतरी." शेळी म्हणायची, "बें." दिवसभरात तेवढंच उत्तर! गोष्टी सांगणारं तोंड, आणि समोर ऐकणारं कुणी नाही. काय करायचं हो त्या तोंडाचं?

चैत्रात मोह गळला, तसं म्हाताऱ्यानं मनाशी धरलं — रुमालीच्या नावाची धार सोडायची. तिच्यासाठी अजून कुणी सोडली नव्हती. आणि धूर दिसला, की माणसंही येतील!

पण फुलं वेचायची रुमाली. याचे गुडघे बोलायला लागलेले. जेमतेम सूपभर फुलं हाती आली. मडकं भरणार कसं? तेव्हा त्याला आठवलं — रुमाली भट्टीपाशी बसली, की तिच्या डाव्या हाताला एक टोपली असायची, येता-जाता दिसलेली. दाणे काढलेल्या मक्याची रिकामी कणसं! गाळून झालं की टोपली रिती. म्हणजे कणसं मडक्यात जात असणार! दुसरं कुठं जातील?

झालं! वेस्तानं कणसं दगडानं ठेचली आणि फुलांबरोबर भिजत घातली. बिचाऱ्या फुलांनी जीव खाऊन फसफस केली. पण रिकाम्या कणसात असतं काय? गोडी तर दाण्यांबरोबर कधीच गेलेली! त्यांनी उलट मडक्यातलं पाणी पिऊन घेतलं आणि फुगून बसली — लग्नात रुसलेल्या मामासारखी!

मग भट्टी पेटली. धूर वर चढला — आणि आली हो माणसं! पुतण्या जामसिंग आला, त्याची बायको ठुमली आली, ओहोळापलीकडचे आले. अंगण भरलं. वेस्ता पुढं धावतोय, मागं धावतोय, डोळे पुसतोय — म्हणतो, "धूर लागला रे!"

पण लाकडाचा जाळ भडकला, मडकं बुडाशी लागलं, करपल्याचा वास सुटला. नळीतून धार आली ती पांढुरकी, ओल्या गवताच्या वासाची. वेस्तानं ती पानात धरून अंगणात आणली. जामसिंगनं बोट बुडवून चाखलं.

"काका, ही तर आपल्या ओहोळाची धाकटी बहीण!"

अंगण खदखदून हसलं. वेस्ता नाही हसला. पळसाचं पान त्यानं दोन्ही हातांत धरलं. "हिच्या नावाची होती रे..." एवढंच बोलला, आणि घरामागं गेला.

ठुमली पाठोपाठ गेली. तिनं मडक्यावरचं झाकण उचललं. "अगं माय! कणसं आत? काका, काकी ती आत नव्हती घालत. खाली घालायची, चुलीत! लाकडाचा जाळ उड्या मारतो. कणसाचा निखारा कसा शांत राहतो. धार तुटू नये म्हणून एकेक कणीस आत सारत बसायची."

"तुला कसं ठाऊक?"

"पाणी प्यायला यायची ना मी इकडं. एकदा म्हणाली, बस गं जरा. मी नाही बसले. पुढं हसणं चाललं होतं."

"आणि मी? मी कुठं होतो?"

"तुम्ही पुढं होता, काका. तुमच्याच गोष्टीला हसत होते सगळे."

मंडळी, चुलीपाशी बसायचा एक दगड होता, वेस्ता त्यावर बसला. रुमालीच्या दगडावर, पहिल्यांदाच. समोर काय दिसलं? घराची पाठ! अंगण दिसत नाही. माणसं दिसत नाहीत. नुसता आवाज येतो.

मागल्या दारी चूल, तिला अंगण दिसंना
हसू सांडलं अंगणी, तिच्या ओंजळी येईना

पानातली ती पांचट धार त्यानं चुलीपाशी सोडली. म्हणाला, "रुमाली, पाणीच जमलं गं. पण मागं येऊन बसलोय." पुढून जामसिंग ओरडतोय, "काका, या की! गोष्ट सांगा!" म्हातारा हलला नाही. ठुमली मात्र त्याच्याशेजारी बसली. आज बसली.

तर सांगा आता — एकटं कोण? ज्याचं माणूस गेलं तो? की भरल्या घरात, धूर डोळ्यांत घेऊन, धार तुटू नये म्हणून जपत बसलेली ती? का हो, माना का थांबल्या?

वास येतोय ना? देवळामागं तुमच्याच प्रसादाची कढई चढलीये. तिथं जाळ कोण सारतंय? नाव सांगा एखादं! — नाही ना सांगता येत? मलाही नाही.

पेटीवाले, थांबा. मृदंगावर हात ठेवा. आता ऐका... फुंकणीचा आवाज येतोय?

आरती राहू द्या घटकाभर. उठा. मागं चला.