तासाभराचा अ‍ॅक्सेस

किशोर : पुसलं म्हणजे? ताई, मी टेस्टिंगच्या डेटाबेसवर होतो!

उत्कर्षा : नव्हतास. वर नाव वाच.

किशोर : ...अरे बापरे. हा तर दवाखान्यांचा चालू डेटाबेस आहे.

उत्कर्षा : सात दवाखाने आपलं सॉफ्टवेअर वापरतात, किशोर. कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही, ती अख्खी यादी गेली.

किशोर : पण मला पुसता आलंच कसं? मला फक्त वाचायची परवानगी आहे!

हैबतराव : काय झालं गं? दोगांची तोंडं पांढरी फटक पडल्यात.

उत्कर्षा : थांबा आबा. किशोर... तुझ्या नावावर पूर्ण अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस दिसतोय.

किशोर : काय? कुणी दिला?

उत्कर्षा : मी.

किशोर : तू? लोक दहा मिनिटांचा अ‍ॅक्सेस मागतात, तर तू पाच प्रश्न विचारतेस!

उत्कर्षा : गेल्या महिन्यात तुला एका टेबलात एक रकाना वाढवायचा होता. तेवढ्यापुरतीच परवानगी द्यायची, तासाभराची. तू मागे लागला होतास. नेमकं काय लागतं ते बघत बसले नाही, सगळंच देऊन टाकलं. मुदतही घातली नाही. म्हटलं, संध्याकाळी काढीन.

हैबतराव : आन् काडलं न्हाईस?

उत्कर्षा : राहिलं, आबा. घरचाच म्हणून डोक्यातून गेलं.

किशोर : महिनाभर माझ्याकडे एवढं होतं, आणि मला पत्ताच नाही...

हैबतराव : आरं, पर त्या दवाखान्यांला आत्ता काय दिसत आसंल?

किशोर : यादी रिकामी... म्हणजे प्रत्येकापुढे ‘काही नाही’ असं दिसेल.

हैबतराव : मग बसलाय काय! फोन लावा की!

उत्कर्षा : खालचे तीन दवाखाने तू घे, वरचे चार मी. हॅलो, सिस्टर? उत्कर्षा बोलतेय, सॉफ्टवेअरवाली. स्क्रीनवर न चालणाऱ्या औषधांपुढे ‘काही नाही’ दिसेल, ते खरं धरू नका. इंजेक्शन द्यायच्या आधी पेशंटला विचारा... कुणाला देताय? नलिनीबाईंना? थांबा, देऊ नका! आधी विचारा त्यांना... हो, फोन धरते.

हैबतराव : काय म्हनत्यात?

उत्कर्षा : पेनिसिलिन चालत नाही त्यांना. सुई भरून हातात होती, आबा.

हैबतराव : आई गं...

(बराच वेळ दोघांचे फोन चालू राहतात.)

किशोर : माझे तिन्ही झाले. कुणाला काही झालेलं नाही.

उत्कर्षा : माझेही झाले. पहाटेची बॅकअप प्रत आहे, तिच्यातून यादी परत घाल. सकाळच्या नोंदी त्यांच्याकडून फोनवर घेऊ. तुझं अ‍ॅडमिन मी काढलंय. आता फक्त या एका यादीत भर घालता येईल, पुसता येणार नाही. चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होईल.

किशोर : एवढं होऊनही मलाच देतेस?

उत्कर्षा : कामाला जेवढं लागतं तेवढंच दिलंय. कर सुरू.

किशोर : ताई, कंपनीच्या सरांना सांग, किशोरनं पुसलं. ते खरंच आहे. तुझं नाव कशाला?

हैबतराव : आसं कसं?

उत्कर्षा : बघ, त्यांचाच फोन. हॅलो सर... हो, पुसलं किशोरनं. पण आधी माझं ऐकून घ्या.