डॉक्टर ॲक्चुअली म्हणाले

(तालुक्याच्या दवाखान्याचा व्हरांडा. दुपार.)

रेश्मा : आये, अशी घाबरू नको गो. आदेशदादाचं वाईट होईल असं डॉक्टर नाय म्हणाले.

जनी : मग काय म्हणाले? सकाळी म्हणाले, तुमचा पोरगा बरा होईल. आता बाहेर आले नि ॲक्चुअली म्हणाले. ते काय असतं गो?

रेश्मा : ॲक्चुअली म्हंजे खरं तर. आमच्या कल्याणच्या हापिसात दिवसभर चालतो तो शब्द. उशीर झाला, ॲक्चुअली. सुट्टी पायजे, ॲक्चुअली. काय जण तर नुसताच लावतात, तोंडाला सवय.

जनी : डॉक्टर नुसता कशाला लावील? खरं तर म्हंजे सकाळचं खोटं?

रेश्मा : खोटं नाय. तवा त्यांना तसं वाटलं. साप चावल्याचं औषध दिलं, पायाची सूजपण उतरली. तरी उलट्या थांबत नायत. आता म्हणतात, हे सापाचं दिसत नाय.

जनी : मग कशाचं?

रेश्मा : तेच त्यांना कळंना. म्हणून तर सारखं विचारतात, घरी काय पाजलं का.

जनी : नाय म्हटलं ना मी एकदा!

रेश्मा : माझ्याकडं बघ. भाताचे भारे बांधताना दादाला चावला, तवा मी कामावर होते. गाडी मिळायच्या आधी त्याला कुठं नेलात?

जनी : बुधू भगताकडं. सगळेच नेतात. तुझ्या बापाला आजारातनं त्यानंच उठवलान.

रेश्मा : काय दिलं त्यानं?

जनी : मुळी उगाळून पाजली. म्हणाला, कुठं बोलायचं नाय, बोललं की गुण जातो.

रेश्मा : नि तू ऐकलंस.

जनी : कोण नाय ऐकणार? मी बोलले नि गुण गेला तर? माझ्याच तोंडानं माझा पोरगा जाईल गो!

रेश्मा : नि नाय बोललीस तर? मलापण भ्या वाटतं, आये. मी सांगू का?

जनी : नको. पाजताना त्याचं डोकं मी धरलं होतं. मीच सांगते.

रेश्मा : ते बघ, आले बाहेर.

जनी : डॉक्टर, ॲक्चुअली...

डॉक्टर : बोला मावशी.

जनी : त्याला मुळी पाजलीय. वाटीभर. सकाळी मी खोटं बोलले.

डॉक्टर : कसली मुळी?

जनी : ते भगतालाच ठाव.

डॉक्टर : मग त्याला लगेच फोन लावा. झाडाचं नाव कळू दे. मी आत आहे.

रेश्मा : आये, हात सोड जरा, फोन लावते.

जनी : दुसऱ्या हातानं लाव गो.