शिंदेमामांसाठी मोठं केलेलं अक्षर

खोटं वाटंल तुम्हाला, पण आमच्या कुपवाडच्या कारखान्यातच घडलंय. गेटपासचं सॉफ्टवेअर विकतचं, पण त्याच्या कोडमध्ये मी आमच्यापुरते बदल करून ते गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, जपलेले. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीनं नवी आवृत्ती पाठवली. आपले बदल पुसले जाऊ नयेत म्हणून दोन्ही कोड शेजारी-शेजारी लावून बघितले. त्यांच्या नव्या कोडमध्ये मी लिहिलेली टीप होती: 'शिंदेमामांना दिसत नाही, म्हणून अक्षर मोठं केलंय.'

मागं दुरुस्तीला आलेल्या त्यांच्या माणसानं आमचा कोडच उचलून नेला होता.

गेटवर जाऊन आमच्या वॉचमन शिंदेमामांना सांगितलं. मामा म्हणाले,

"आरं, मी आपल्या सायबाला अजून कळू दिलं न्हाई. आन् तू त्यांच्या समद्या गिऱ्हाइकांना सांगून बसलास व्हय?"