जांभळा शेक आणि मूठभर कांदा

आम्ही मूळचे कुठले विचाराल तर साताऱ्याकडचे म्हणतात, पण सातारा मी काही पाहिला नाही, आजोबा इथे इंदूरला मिलमध्ये क्लार्क म्हणून आले आणि मग इथलेच झालो आम्ही, माझा जन्म इथला, लग्न इथलं, त्यामुळे माझी मराठी ऐकून तुम्हाला हसू येत असेल ताई तर खुशाल हसा, पुण्याची माझी वहिनी तर तोंडावर हसते, म्हणते वन्सं तुम्ही अर्धं हिंदीच बोलता, मी म्हणते अर्धं तर मराठी बोलते ना, मग झालं तर.

मी बर्गरच्या दुकानात आहे. सकाळी कांदा-टमाटर चिरायचं आणि मग दिवसभर टेबलं पुसा, पोछा मारा. सगळे मला काकीजी म्हणतात, सरसुद्धा, सर म्हणजे मॅनेजर, माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेत पण टाय लावतात म्हणून सर. आमचे हे आधी एका प्रेसमध्ये होते छपाईला, पण यांना मिरगीचा त्रास, फिट येते, मशीनजवळ कोण ठेवणार सांगा, तर घरी बसले, तेव्हापासून घर माझ्या पगारावर चालतं आणि ही नोकरी गेली तर या वयात मला दुसरी कोण देणार होतं. एकदा हे कृष्णपुऱ्याच्या पुलाशी पडले होते, भर बाजारात, आणि लोक काय समजले, पिऊन पडलाय, बाजूबाजूने निघून चालले होते, तर एका भाजीवालीने ठेल्यावरचा कांदा फोडून नाकाशी धरला आणि यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पोचेपर्यंत बसली हो ती, तिचा धंदा सोडून. घाईघाईत तिचं नावही विचारायचं राहिलं. रोज दिवा लावते तेव्हा तिच्यासाठी हात जोडते, नाव माहीत नाही तरी.

नंतर डॉक्टरसाहेब चिडले, म्हणाले कांदा, चप्पल, काही नाकाशी धरायचं नाही, त्याने काही होत नाही, माणसाला कुशीवर वळवा आणि जवळ थांबा बस. मला पटलं, बरोबरच आहे त्यांचं. पण ताई, हात ऐकतो का?

तर तो शेक, आमच्या दुकानातला मिल्कशेक. कंपनीने थोड्याच दिवसांसाठी काढला होता, जांभळा, एकदम जामुनचा रंग, लिमिटेड एडिशन म्हणतात, संपला की संपला. मी तेव्हा देपालपुरला गेलेली, नणंदेकडे लग्न होतं. परत येऊन बघते तर दुकानात ही भीड, बाहेर रोडपर्यंत लाइन, आणि फर्शीवर जिकडेतिकडे जांभळे डाग. मी आपली पुसत सुटले. कुणी मला सांगितलंच नाही की पोरं तो शेक एक घोट पितात, मेल्यासारखी पडतात आणि त्याचा व्हिडिओ बनवतात, सगळ्या दुनियेत म्हणे तेच चाललं होतं, आता मला काय माहीत, माझ्याकडे बटणांचा फोन.

एक मुलगी होती, कॉलेजची, पांढरा कुर्ता. घोट घेतला, उठली, डोळे फिरवले आणि धाडकन खाली, हातपाय झाडतेय, तोंडातून जांभळं जांभळं येतंय, आणि मैत्रिणी फोन धरून उभ्या! माझ्या तर जिवाचं पाणी झालं. पोछा टाकला, किचनमध्ये धावले, ट्रेमधला चिरलेला कांदा मूठभर उचलला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन नाकाशी दाबून धरला, ओरडतेय हटो रे, हवा आने दो, कोई पानी लाओ. ती तडफडली, शिंकली, डोळ्यांतून धारा, म्हणाली आंटीजी छोड़ो, एक्टिंग थी, एक्टिंग. मी म्हटलं कसली एक्टिंग गं, आई आहे का नाही घरी तुला, आणि मलाच रडू फुटलं, तिथेच फर्शीवर. आख्खं दुकान हसत होतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पूर्ण इंदूरभर फिरला, कांदेवाली काकी म्हणून. सर घाबरले बिचारे. म्हणाले काकीजी, कस्टमरच्या तोंडाला कांदा लावला तुम्ही, वरून फोन आलाय, मी बोलावेन तेव्हाच या आता. मी घरी आले, यांना म्हटलं दुकानात रंगरंगोटी चालू आहे. खरं कसं सांगू, ज्या मिरगीने हा माणूस उभा जन्म गांजलाय तिचाच खेळ करून लोक पडतात, हसतात, ऐकून काय वाटलं असतं यांना? रोज सकाळी उठायचं, डब्याची वेळ झाली की फोन हातात घेऊन बसायचं, आणि तो काही वाजत नव्हता.

आणि मग वाजला. सरच. त्या मुलीने आपणहून दुसरा व्हिडिओ टाकला होता, म्हणाली मी पडले तेव्हा सगळ्यांच्या हातात फोन होता, फक्त एकीच्या हातात कांदा होता, तिला कामावरून काढलं तर आम्ही कुणी तिथे जाणार नाही. आईला घेऊन दुकानातही येऊन गेली. सर म्हणाले काकीजी उद्यापासून या, पण भगवान के लिए कांदा नको. मी म्हटलं भिया, तुमच्या तोंडात साखर पडो. मॅनेजरला भिया, म्हणजे भाऊ, म्हटलं मी, बघा, खुशीत.

मग मानपुरहून लेक आली आणि तिने यांच्यासमोरच फोन काढला, आई तू तर फेमस झालीस. मी नको नको करतेय तोवर यांनी हातात घेतला. पाहिला. परत पाहिला. मला वाटलं आता वाईट वाटणार. तर म्हणाले, मी पडतो तेव्हा मला काही कळत नाही, शुद्धीवर येतो तर तू आपली चहा टाकत असतेस, जसं काही झालंच नाही. तू इतकी घाबरतेस हे मला आजवर माहीतच नव्हतं गं.

मी पदर लावला डोळ्यांना.

आता तो शेक बंद झाला. पोरं अजून येतात, मुद्दाम पडतात, काकीजी कांदा कांदा ओरडतात, मी आपली कुशीवर वळवते आणि पाठीत एक धपाटा देते. आणि यांच्या मिरगीच्या गोळीसाठी पूर्वी मला मागे लागावं लागायचं, भांडावं लागायचं, तो व्हिडिओ पाहिल्यापासून ते भांडण संपलं. रात्री जेवण झालं की स्वतः उठून घेतात, आणि रिकामा ग्लास मला दाखवतात, घेतली बरं का म्हणतात. ज्या कुणी तो शेक काढला ना ताई, देव त्याला सुखात ठेवो.